अठरा महिन्यांचा पगार

वाघोलीस आम्ही राहावयास आलों तेव्हां हें गांव पुण्याबाहेर होतें. २०२१ सालीं तें महानगरपालिकेंत गेलें. वाघेश्वराच्या देवळावरून नगर रस्त्यास लागलें, कीं दोहों बाजूंस उंच इमारती आणि प्रत्येकीच्या फाटकाशीं एक वृद्ध पहारेकरी, असा देखावा आतां नित्याचा झाला आहे. आमच्या फाटकावरचे बाबा खटाव तालुक्यांतले. पूर्वीं ते मुंबईस लालबागेंतल्या एका गिरणींत साच्यावर होते, ही गोष्ट चार वर्षें आम्हांस ठाऊक नव्हती; आणि ठाऊक करून घ्यावी असें आम्हांस वाटलेंहि नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. गेल्या महिन्यांत प्लास्टिकच्या पिशवींत कांहीं कागद घेऊन ते दाराशीं उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांसाठीं केलेल्या अर्जाचे ते कागद होते. आमच्या सूनबाईनें ते मोबाइलवरून चढवून द्यावेत, एवढीच त्यांची विनंती होती.

सूनबाई कागद चढवीत होती, आणि आम्ही ते वाचीत होतों. वाचतां वाचतां सहज विचारलें, "बाबा, गिरणी गेली तेव्हां सरकारकडून तुम्हांस काय मिळालें?" उत्तर दोन शब्दांचें होतें: "कायबी न्हाई."

वास्तविक देण्याची सोय झालेली होती. १९८५ च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें नवें वस्त्रोद्योग धोरण जाहीर केलें, आणि त्याच्या मागोमाग १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीची योजना सुरू झाली. गिरणी कायमची बंद पडून बेकार झालेल्या कामगारास पहिल्या वर्षीं पगाराच्या शेंकडा ७५, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ इतकी मदत, अशी तिची रचना होती. बेरीज केली तर ठराविक मर्यादेच्या आंतला अठरा महिन्यांचा पगार तीन वर्षांवर पसरून द्यावयाचा, असा हा हिशेब. कामगार जसजसा दुसऱ्या उद्योगांत स्थिरावेल तसतशी मदत उतरत जावी, हा त्यामागील विचार कागदावर बरा दिसतो. परंतु ज्यानें घरखर्चाची वही कधीं काळीं लिहिली असेल, त्याला यांतील विपरीतपणा तत्काळ उमजेल. पहिल्या वर्षीं घरांत बायकोचे दागिने असतात, वाण्याकडे पत असते, भाऊबंदांचा हात सैल असतो. खरी ओढ तिसऱ्या वर्षीं लागते. आणि तेव्हांच मदत पाव हिश्श्यावर येते.

या योजनेंतील दोन कलमें मात्र आम्हांस मनापासून आवडलीं. ही रक्कम कोणाहि धनकोस जप्त करतां येत नसे. आणि कामगारानें स्वतःचा लहानसा धंदा उभारला, भाजीची हातगाडी लावली, तरी मदत तोडावयाची नाहीं असें ठरलें होतें. दुसऱ्या नोंदलेल्या कारखान्यांत चाकरी लागली म्हणजे मात्र ती थांबे. ज्यानें हीं कलमें लिहिलीं त्याला सावकार आणि दारिद्र्य या दोहोंची ओळख असली पाहिजे. परंतु त्याच हातानें आणखी एक वाक्य लिहिलें: ही मदत वारसास मिळणार नाहीं. म्हणजे मधल्या काळांत कामगार वारला, तर त्याच्या विधवेनें काय खावें याचें उत्तर योजनेंत नव्हतें.

मग बाबांस कांहींच कां मिळालें नाहीं? पात्रतेच्या अटींत उत्तर आहे. गिरणींत सलग पांच वर्षें काम झालेलें असावें. आणि गिरणी कायद्यानें कायमची बंद झालेली असावी, म्हणजे ती बंद करण्यास सरकारची परवानगी मिळालेली असावी किंवा न्यायालयाकडून अवसायक नेमलेला असावा. पांच वर्षांची अट 'बदली' कामगारास जड जाई, कारण सकाळीं दरवाज्याशीं उभें राहून काम मिळालें तर मिळालें, अशी त्याची चाकरी. बाबांची पांच वर्षें भरलीं होतीं. त्यांस नडली ती दुसरी अट.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईंतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढील वर्षीं तेरा गिरण्यांची व्यवस्था सरकारनें आपल्या हातीं घेतली. उरलेल्यांपैकीं अनेक धड चालूहि नव्हत्या आणि बंदहि नव्हत्या. एक खातें चालवावयाचें, दोन मिटवावयाचीं. पगार थकवावयाचा, वीज तुटूं द्यावयाची. परंतु बंद करण्याची परवानगी मागावयाची नाहीं. कापड इकडे भिवंडी, मालेगांव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलें जाऊं लागलें. बाबा म्हणाले, "माई, गिरनी मेली आसं लिहून द्याया कुनी तयार न्हाई. आजारी हाय म्हनायचे. आजारी मानसाच्या बायकोला विधवेचा पगार कोन देनार?" आमच्या मातोश्री हातांतली सुपारी तशीच धरून ऐकत राहिल्या.

या योजनेचा सर्वांत मोठा लाभ अहमदाबादच्या कामगारांस झाला. तेथील कितीएक गिरण्या रीतसर अवसायकाच्या हातीं गेल्या होत्या.

अमेरिकेंत परदेशी मालाच्या स्पर्धेनें काम गेलेल्यांसाठीं १९६२ च्या कायद्यानें साह्य सुरू झालें, १९७४ मध्यें तें विस्तारलें. त्यांत निर्वाहभत्त्याबरोबर नव्या कामाचें शिक्षणहि होतें. २०२२ च्या जुलैपासून तेथेंहि नवे अर्ज मंजूर होणें थांबलें. आपल्याकडे शिक्षणासाठीं म्हणून १९९२ मध्यें राष्ट्रीय नूतनीकरण निधि निघाला; त्याचा बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या देण्यांतच संपला. साच्यावरच्या माणसानें दुसरें काय शिकावें, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं.

आणि ज्यांचें नांव कोणत्याच हजेरीपटावर नव्हतें, त्या खानावळवाल्या बायांचें काय? एका खोलींत पंधरा-वीस गड्यांच्या भाकरी भाजणाऱ्या या स्त्रियांसाठीं प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें, म्हणून निदान त्यांची दखल तरी राहिली. गिरणीचा भोंगा थांबला तशी त्यांचीहि चूल थांबली. परंतु 'पगाराच्या शेंकडा ७५' या हिशेबांत चुलीस पगार नव्हता.

२०१७ मध्यें ही योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेंत विलीन झाली. तिचा लाभ राज्य विम्यांतील कामगारांसच मिळतो. गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याची खराडीची नोकरी गेली तेव्हां त्याचा पगार त्या विम्याच्या मर्यादेच्या पुष्कळ वर होता. सात महिने त्याचा, त्याच्या बायकोचा व मुलाचा भार घरानें उचलला. कोणी दाखला मागितला नाहीं. बाबांच्या पाठीमागेंहि असेंच एक घर होतें, खटावांतलें. पण त्या घराच्या पाठीमागें तीन एकर कोरडवाहू जमीन एवढेंच होतें.

गिरण्यांच्या जागेवरील घरांची २०१२ सालीं ६,९२५ आणि २०२० सालीं ३,८९४ अशी सोडत झाली. अर्जदार सुमारें पावणेदोन लाख. बाबांचा अर्ज त्यांत आहे. त्यांच्या पिशवींत राज्य विम्याचें पत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती व तिकीट नंबर असलेलें ओळखपत्र होतें. ओळखपत्रावरील छायाचित्रांत पंचविशीचा, दाट मिशांचा एक तरुण होता. सूनबाईनें दोनदां ताडून पाहिलें आणि नांवांतला एक काना निराळा पडला असल्याचें दाखविलें. त्यासाठीं आतां प्रतिज्ञापत्र करावें लागेल. येत्या सोमवारीं बाबांस घेऊन वकिलाकडे जावयाचें ठरलें आहे. त्या दिवशीं फाटकावर कोणी बसावें, याचा बंदोबस्त आमच्या पुतण्यानें केला आहे.