मोटारीच्या काचेचे बटण

घरातील मिक्सर बंद पडला तर ‘उद्या दुरुस्तीला नेऊ’ म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. मोटारीच्या काचेचे विजेचे बटण बिघडले असता तसे करणे बरे नव्हे. गेल्या पावसाळ्यात आमच्या अठरा वर्षांच्या जुन्या मोटारीत मागच्या दाराचे बटण दाबले गेले ते आतच रुतून बसले. काच वर चढू लागली, आणि तिच्या काठावर आमच्या लहानग्या मुलीची बोटे होती. आजीने तिचा हात ओढून घेतला, आम्ही किल्ली फिरवून वीज तोडली, म्हणून नखावरच निभावले. ते बटण अडखळू लागून तीन आठवडे झाले होते आणि दर खेपेस आम्ही ‘पुढच्या रविवारी’ असे म्हणत होतो, हे येथे कबूल करणे भाग आहे.

जुन्या मोटारींत या बटणाचे काम सोपे असते. दाराच्या पोकळीत विजेची एक छोटी मोटर असते. बॅटरीची १२ व्होल्टची वीज तिच्यातून एका दिशेने गेली की काच चढते, उलट दिशेने गेली की उतरते. ही दिशा बटण पालटते. प्रत्येक वेळी आतील धातूच्या पट्ट्यांत बारीकशी ठिणगी उडते. वर्षानुवर्षे त्यांवर काजळी धरते. तीत धूळ, पावसाचे पाणी आणि सांडलेला चहा यांची भर पडते.

तथापि, दोष बटणाचाच आहे याची खात्री आधी करावी. चालकाच्या दारावरील कुलूपबटण दाबलेले असेल तर इतर दारांची बटणे चालत नाहीत. पुष्कळदा ‘बिघाड’ एवढाच असतो. चालकाच्या बटणाने ती काच हलते, पण त्या दाराच्या बटणाने हलत नाही, असे असेल तर मोटर ठीक असून बटण सदोष आहे असे समजावे. कोणत्याच बटणाने काही होत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. बटण दाबताच आतील दिवा किंचित मंदावला, तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे. मग अडचण मोटरमध्ये किंवा काचेच्या खोबणीत शोधावी.

आता प्रत्यक्ष काम. किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडावी. बटणाची पट्टी कडेने उचलण्यास लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्यावी; लोखंडी हत्याराने ओरखडे उठतात. काही मोटारींत हातटेकूखाली स्क्रू लपलेला असतो, तो आधी काढावा. जोडणीची खुंटी दाबून प्लग सोडवावा. तारा धरून ओढू नये. जुने बटण दुकानात बरोबर न्यावे आणि त्यावरील क्रमांक व मागील पिनांची संख्या जुळवूनच नवे घ्यावे. नवे बटण प्लगला जोडून, बॅटरीची तार लावून, काच वर-खाली करून पाहावी आणि मगच पट्टी दाबून बसवावी. एका दाबात पूर्ण चढणारी काच असेल, तर बॅटरी सोडल्यावर ती सोय कधीकधी पुन्हा जुळवावी लागते. तिची रीत मोटारीच्या पुस्तिकेत असते.

येथेच काम संपले असे मानू नये. खोबणीतील रबर कडक झाले असेल, तर काच ढकलण्यास मोटर अधिक वीज खेचते आणि त्याचा भार बटणावर पडतो. रोग खोबणीत, शिक्षा मात्र बटणाला! म्हणून खोबणी पुसून तीत सिलिकोनचा फवारा मारावा. नाही तर नवे बटणही लवकर जळेल. फ्यूज वारंवार जात असल्यास मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

शेवटी एक विनंती. जुन्या मोटारींतील काच अडथळा लागताच आपोआप मागे फिरत नाही, आणि सपाट बटणावर मुलाचा गुडघाही पडू शकतो. मुले मागे बसली असता कुलूपबटण दाबून ठेवावे, आणि खाली उतरताना किल्ली आपल्या हाती असावी. तिच्यासोबत मुलेही. बटण अडखळू लागले की त्याच रविवारी ते बदलावे, पुढच्या नव्हे.