उधार घ्या हो, उधार!

पूर्वी वाण्याच्या दुकानात पाटी असायची. 'आज रोख, उद्या उधार.' ती वाचली की गिऱ्हाईक आपसूक खिसा चाचपायचं. उधार मागणाऱ्याने खाली मान घालावी आणि देणाऱ्याने आढेवेढे घ्यावेत, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती आता साफ उलटली आहे. हल्ली उधार देणाराच दारोदार हिंडतो आणि 'नको' म्हणणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं!

मी बँकेतला कारकून. म्हणजे पैसे मोजायचे आणि ते दुसऱ्याला द्यायचे, एवढाच माझा पैशांशी संबंध. तरीही मला फोन येतो. "सर, आपके लिए प्री-अप्रूव्ड कार्ड है. लाइफटाइम फ्री!" आमच्या शाखेत म्हशीसाठी कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही उतारे, जामीनदार आणि फोटो आणायला पिटाळतो. म्हैस बिचारी दूध देते, तरी तिच्यावर आमचा विश्वास नाही. आणि इथे मी काही मागितलेलं नसताना मंजूर! म्हशीपेक्षा मी भरवशाचा, हे आमच्या सौ.ला अजून पटायचं आहे.

ही युक्ती काही आजची नाही. १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी बँक ऑफ अमेरिकेने साठ हजार कार्डं लोकांना न विचारता टपालाने पाठवून दिली. मागितलं कोणी नव्हतं, मिळालं सगळ्यांना. पुढे इतका घोळ झाला की १९७० साली अमेरिकेला न मागितलेली कार्डं धाडायला कायद्याने बंदी करावी लागली. आपल्याकडे १९८० साली सेंट्रल बँकेने पहिलं बँक-कार्ड काढलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली बजावलं की ग्राहकाच्या संमतीवाचून कार्ड देऊ नका, लिमिट वाढवू नका, आणि फोन करायचाच तर सकाळी दहा ते संध्याकाळी सातच्या आत करा. म्हणजे दुपारच्या झोपेला संरक्षण नाहीच!

फोनवरच्या मुलीवर मी चिडत नाही. तिला टार्गेट असतं, आणि टार्गेट म्हणजे काय ते आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. माझा राग आहे तो एका शब्दावर. 'किमान देय रक्कम.' या तीन शब्दांइतकं गोड विष आमच्या धंद्यात दुसरं नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. कविता कळत नाही, पण व्याज कळतं. समजा, तुमच्या कार्डावर पन्नास हजारांची बाकी आहे. 'फक्त ५ टक्के भरा' असं स्टेटमेंट म्हणतं. तुम्ही सज्जन, त्याच दिवशी २,५०० रुपये भरून मोकळे होता. उरले ४७,५००. त्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,६६२ रुपये ५० पैसे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २९९ रुपये २५ पैसे. पुढच्या स्टेटमेंटला बाकी ४९,४६१ रुपये ७५ पैसे! अडीच हजार गेले आणि कर्ज उतरलं ५३८ रुपयांनी. या चालीने, नवी टाचणीसुद्धा न घेता, कर्ज नुसतं निम्मं व्हायला सुमारे ६४ महिने लागतात. तोवर तुम्ही भरता एक लाख सोळा हजारांच्या आसपास, आणि पंचवीस हजार तरीही शिल्लक! चार्वाकाने कर्ज काढून तूप प्यायला सांगितलं असं म्हणतात. ते तूप निदान अंगाला तरी लागत असेल.

शिवाय बाकी राहिली, की ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं 'बिनव्याजी' कौतुक संपतं आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्डावर रोख काढली, तर ती सवलत मुळातच नसते.

सावकाराला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्या सावकारालासुद्धा दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागायचं नाही. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्यांच्या विनातारण कर्जासाठी वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घातली. बँका त्या कायद्याच्या बाहेर. कार्डावरचं महिना साडेतीन टक्के म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला ४२! ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदरावर देखरेख ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं काम, आयोगाचं नव्हे, असं म्हणून. कायद्याचं मला कळत नाही, पण अठरा लहान की बेचाळीस लहान, हे तिसरीत शिकवतात.

हल्ली माझ्या काउंटरवर एक नवी जोडी दिसू लागली आहे. बाप आणि नोकरीला लागलेला मुलगा. बापाच्या हातात मुदत ठेवीची पावती, मुलाच्या हातात झकपक फोन. ठेव मुदतीआधी मोडायची असते. "काही विशेष, काका?" असं विचारलं तर बाप म्हणतो, "जरा घरची अडचण आहे हो." मुलगा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतो. सात टक्क्यांच्या आशेने वर्षानुवर्षं राखलेली ठेव बेचाळीस टक्क्यांच्या भोकातून वाहून जाते, आणि मी शिक्का मारतो.

लोक म्हणतील, अंथरूण पाहून पाय पसरावेत, चूक त्या पोराची. कबूल. पण अंथरूण वीतभर असताना 'सर, पाय पसरा, अंथरूण आम्ही वाढवतो' असा रोज फोन करणाऱ्याचं काय? आणि मग थंडीत पांघरूण ओढून नेणाराही तोच!

कार्ड वाईट नाही. दर महिन्याला पुरी बाकी भरा, ते गाईसारखं वागेल. पण अशा गिऱ्हाइकाकडून व्याजाचा छदाम मिळत नाही. फोन येतो तो चुकणारं गिऱ्हाईक सापडावं म्हणून. तेव्हा माझी मागणी एवढीच. 'किमान देय' शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, असं केल्यास एकूण किती रुपये जातील तो आकडाही छापा. रुपये आणि पैसे दोन्ही. हिशेबाला मी बसतो. ओव्हरटाइम मागणार नाही.