उचल दिली की माणूस टिकतो, पण मन?

गेल्या आठवड्यात जेवताना आमच्याकडे वाद झाला. दुकानात अठरा वर्षं असलेल्या काकांनी लेकीच्या लग्नासाठी पन्नास हजारांची उचल मागितली. आमचे हे म्हणाले, "देऊन टाकू. फिटेपर्यंत तरी कुठे जात नाहीत." माझा वाढता हात थांबला. मदत करतोय की बांधून ठेवतोय?

खरं सांगू, काका टिकलेत, पण हल्ली गिऱ्हाईक दोन साड्या बघून उठलं तरी तिसरी उलगडत नाहीत. त्यांच्याआधी एक मुलगा होता, दोनच वर्षं राहिला. पहिले तीन महिने त्याला साडीची घडी धड घालता येत नव्हती (मीच शिकवली), पण बायका त्याचं नाव घेऊन यायच्या.

लेकीच्या एमबीएच्या पुस्तकात याचा उलगडा सापडला. जॉन मायर आणि नॅटली ॲलन यांनी 1991 मध्ये कामावरच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले: जिव्हाळा वाटतो म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान होईल म्हणून राहणं, आणि राहणं आपलं कर्तव्य आहे म्हणून राहणं. त्याआधी 1989 मध्ये मायर यांनी सहकाऱ्यांसोबत एका मोठ्या खाद्यसेवा कंपनीतले व्यवस्थापक अभ्यासले होते. जिव्हाळ्याने राहिलेल्यांच्या कामाला वरिष्ठांनी जास्त गुण दिले, नुकसानीच्या भीतीने राहिलेल्यांच्या कामाला कमी. जिव्हाळा असला की काम उत्तमच होतं असंही नाही. हातात कसब लागतं, तब्येत लागते. पण उचलीने जिव्हाळा विकत मिळत नाही, एवढं नक्की.

घड्याळाकडे बघत केलेलं सामायिकही अठ्ठेचाळीस मिनिटांचंच भरतं. मी स्वतः कितीदा तसं केलंय!

मग जिव्हाळा येतो कुठून? पुढच्या अभ्यासांत त्याचा सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो 'मालकाला आपली काळजी आहे' या भावनेशी. आमच्या दुकानात काका दिवसभर उभे असतात. मागच्या दिवाळीत हे त्यांच्यावर गिऱ्हाइकांसमोर ओरडले, तेव्हा मी गल्ल्यावरच होते आणि गप्प बसले.

पैसे आम्ही दिले. हप्ता काकांनीच ठरवला, आणि नोकरी सोडली तरी तसाच फेडायचा असं ह्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. हे सांगताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. काकांना बसायला स्टूल मात्र अजून आणायचं राहिलंय.