नागरिकत्वाची परीक्षा असावी काय?

परीक्षा म्हटली की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. पण नापास झाल्याने काय होते? घरी बोलणी खावी लागतात, पुन्हा परीक्षेला बसावे लागते, फार तर एक वर्ष वाया जाते. त्यासाठी तुम्हांला कोणी देशाबाहेर काढत नाही. जगात मात्र अशीही एक परीक्षा आहे, की तिच्या निकालावर माणसाला देश मिळणार की नाही हे ठरते. तिला नागरिकत्वाची परीक्षा म्हणतात.

ब्रिटनमध्ये ही परीक्षा २००५ साली सुरू झाली. तेथे कायमचे राहू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाला ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवावे लागतात आणि त्यांपैकी १८ बरोबर यावे लागतात. प्रश्न त्या देशाच्या इतिहासावर, राज्यकारभारावर, सणांवर, चालीरीतींवर असतात. शिवाय इंग्रजी यावे लागते ते वेगळेच. पुण्याहून लंडनला नोकरीसाठी गेलेला अभियंता ही परीक्षा सहज पार पाडतो, कारण तो लहानपणापासून परीक्षाच देत आला आहे. पण युद्धातून जीव वाचवून आलेली, कधी शाळेची पायरी न चढलेली एखादी बाई त्याच बाकावर बसली तर? प्रश्न दोघांना सारखेच, वेळही सारखाच. याला समानता म्हणायचे की अन्याय? माझ्या मते हा अन्याय आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ सालचा आहे. परदेशी माणसाने भारताचे नागरिकत्व मागितले, तर त्याने सर्वसाधारणपणे किती वर्षे येथे राहिलेले असावे, त्याचे चारित्र्य कसे असावे, याच्या अटी त्यात आहेत. आणखी एक अट अशी, की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा त्याला पुरेशी येत असावी. एखादी, लक्षात घ्या. त्या यादीत आज २२ भाषा आहेत. मराठी आहे, तमिळ आहे आणि तुमची उर्दूही पहिल्यापासून आहे. अमुकच भाषा आली पाहिजे असे कायदा म्हणत नाही.

ही अट वरवर पाहता अगदी रास्त वाटते. पण जरा आपल्या शेजारी पाहा. तळेगाव दाभाडे स्थानकावरून लोकलने पुण्याकडे निघालात, की घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड अशी स्थानके मागे टाकून पिंपरी येते. तेथील पिंपरी कॅम्पाच्या बाजारात तुमच्यापैकी पुष्कळजण ईदच्या खरेदीला गेले असतील. त्याला कॅम्प का म्हणतात, हा प्रश्न कधी मनात आला काय? १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांची ही छावणी होती. अशीच एक मोठी छावणी कल्याणजवळ होती. तिचेच १९४९ साली उल्हासनगर झाले.

या लोकांना मराठी येत नव्हती. त्यांची सिंधी भाषा तुमच्या उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे, अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. त्यांची परीक्षा कोणी घेतली काय? नाही. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने अशा लोकांना नागरिक मानले. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांनी आल्यापासून येथे वास्तव्य केलेले असले, की पुरे. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांचे वास्तव्य आणि अर्ज करून नोंदणी एवढे सांगितले होते. स्वतः किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कोणीतरी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असावे, हीही अट होती. भाषेचा प्रश्नच विचारला नव्हता.

गंमत अशी, की सिंधी भाषा त्या वेळी आठव्या अनुसूचीत नव्हती. तिचा समावेश १९६७ साली झाला. म्हणजे १९५५ च्या कायद्यातील भाषेची अट या निर्वासितांना लावली असती, तर ज्याला फक्त सिंधी येत होती असा माणूस नापास झाला असता. तोच माणूस १९६७ नंतर पास! त्याच्या ज्ञानात काडीचाही फरक पडलेला नसताना केवळ यादी बदलली म्हणून निकाल बदलला असता. परीक्षा कोणती घ्यायची हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती निकालही असतो. ही गोष्ट मी शिक्षक म्हणून सांगतो. आम्हांला ती चांगली ठाऊक आहे.

याचे सर्वांत उघड उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे १९०१ साली एक कायदा झाला. बंदरावर उतरणाऱ्या माणसाला युरोपातील एखाद्या भाषेतील ५० शब्दांचा उतारा सांगून तो लिहायला लावता येई. भाषा निवडायची अधिकाऱ्याने! गोऱ्या नसलेल्या लोकांना बाहेर ठेवण्यासाठी ही युक्ती होती. तसे स्पष्ट लिहिले तर बोभाटा झाला असता, म्हणून परीक्षेचा बुरखा घेतला. १९३४ साली एगॉन किश नावाचा लेखक तेथे गेला. त्याची मते सरकारला पसंत नव्हती आणि त्याला अनेक भाषा येत होत्या. मग अधिकाऱ्यांनी त्याची परीक्षा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत घेतली आणि तो नापास झाला. पुढे न्यायालयाने ती परीक्षा ग्राह्य धरली नाही, हा भाग निराळा. पण किशसारखा वकील ज्यांना मिळत नाही त्यांचे काय? हा श्रुतलेखनाचा कायदा १९५८ पर्यंत टिकला.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे परदेशातले. आपल्या महाराष्ट्रातही थोड्या निराळ्या रूपात हा प्रश्न आलेला आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने परिपत्रक काढले, की ज्याला मराठी येते त्यालाच रिक्षाचा नवा परवाना मिळेल. रिक्षाचालक न्यायालयात गेले आणि मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. येथे एक फरक ध्यानात ठेवा. बिहारमधून किंवा ओडिशातून आलेला कामगार हा परदेशी नव्हे. देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने त्याला दिला आहे. तेव्हा तो प्रश्न नागरिकत्वाचा नव्हता, पोटापाण्याचा होता. (जाता जाता सांगतो : परवाना, अर्ज, दाखला, कायदा, तालुका, जिल्हा हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथलेच झाले. त्यांची परीक्षा कोणी घेतली नव्हती.)

तरीही दुसऱ्या बाजूचे म्हणणे पोकळ आहे असे मी मानत नाही. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर ‘धोका’ लिहिलेले असते. ते ज्याला वाचता येत नाही, त्याचा हात जातो. दवाखान्यात दुखणे सांगता आले पाहिजे, पोलीस चौकीत तक्रार नोंदवता आली पाहिजे. रिक्षात बसलेल्या म्हाताऱ्या आजीबाईंचा पत्ता चालकाला कळला पाहिजे. ज्या गावात राहायचे त्या गावाची भाषा शिकणे हे त्या गावाचा मान ठेवणेही आहे. मराठी माणसाला तसे वाटते यात काही गैर नाही. वाद भाषा शिकावी की नाही याचा नाहीच. ती न आल्यास माणसाचे काय करावे, याचा आहे.

माझे मत सांगतो. भाषा शिकवावी, पण तिच्यावर नागरिकत्व अडवून ठेवू नये. आपल्या घटनाकारांनी हाच विश्वास फार मोठ्या प्रमाणावर दाखवला होता. १९५१ च्या जनगणनेत साक्षर लोक शंभरांत सुमारे १८ होते. बाकीच्यांना मत देण्याची अक्कल कोठून असणार, असे म्हणणारे तेव्हाही होते. तरी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळाले. वाचता न येणाऱ्यांसाठी मतपेट्यांवर चिन्हे लावली. म्हणजे अडचण माणसाची होती, तरी उपाय सरकारने शोधला. परीक्षा घेणाऱ्यांना नेमके हेच सुचत नाही.

आणि परीक्षेने कळते तरी काय? राज्यघटनेत आज ११ मूलभूत कर्तव्ये आहेत. तुमच्या वर्गात ती सगळी न चुकता सांगणारे किती निघतील? पाच निघाले तरी मी पेढे वाटीन. म्हणून उरलेल्यांचे नागरिकत्व काढून घ्यायचे काय? जो येथे जन्मला त्याला पाठ नसले तरी चालते आणि जो आसऱ्याला आला त्याला मात्र पाठ असलेच पाहिजे, हा न्याय माझ्या मनाला पटत नाही.

पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली याच तळेगावात उभा राहिला. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या निधीचा तो कारखाना. तेथे काचकाम शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय उत्तर हिंदुस्थानातले होते. या गावाने बाहेरच्या माणसाचे हुन्नर आपलेसे केले, ते असे. आज येथे दुरून येणाऱ्या कामगारांसाठी एखाद्या शाळेत आठवड्यातून तीन संध्याकाळी मराठीचा वर्ग का चालू नये? खडू, फळा आणि दिवा, एवढाच खर्च. कारखान्यांनीही त्याला हातभार लावावा, कारण अपघात टळले तर त्यांचाही फायदा आहे.

त्या वर्गात तुमची मदत मोलाची ठरेल. उर्दूत लिंगे दोन आणि मराठीत तीन. ‘किताब’ स्त्रीलिंगी आणि ‘पुस्तक’ मात्र ‘ते’, हे कळायला तुम्हांला किती दिवस लागले ते आठवा. ‘ळ’ म्हणताना जीभ कोठे लावायची हे तुम्ही मुद्दाम शिकलात. हिंदी बोलणारा कामगार नेमका तेथेच अडखळतो. जन्मापासून मराठी बोलणाऱ्या मुलाला ती अडचण दिसतच नाही. तुम्हांला दिसते.