चौसष्ट लहरींचा जमाखर्च

सिरसाळ्याच्या पेठेतील एखादे दुकान डोळ्यांसमोर आणावे. वर पत्रे, भिंतीशी लोखंडी कपाट, गल्ल्यासमोर खोळंबलेले गिऱ्हाईक. वाय-फायच्या पेटीवर वेग लिहिलेला असतो ५४ मेगाबिट. मागच्या गोदामात मात्र तो ६ वर येतो. यंत्र बिघडले, असे आपण म्हणतो. पण हिशेब मांडून पाहू.

२००३ साली आलेल्या 'जी' प्रकारच्या वाय-फायचा आकडा सोपा आहे. पत्र्यांवर आपटून परतणारे प्रतिध्वनी काही लहरींना क्षीण करतात, काहींना नाही. सगळा माल एकाच गाडीत भरला, तर ती अडली की सगळेच अडले. म्हणून ओएफडीएम पद्धतीत एकच वेगवान प्रवाह न पाठवता तो ६४ संथ उपवाहकांच्या चौकटीत विभागतात. ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येक उपवाहकाचे फेरे पूर्ण संख्येत होतात. त्यामुळे शेजारी असूनही ते एकमेकांत मिसळत नाहीत.

या ६४ पैकी माल वाहतात ४८च. चार उपवाहक ठरलेली खूण नेतात; तिच्यावरून घेणारे यंत्र आपले माप दुरुस्त करते. बारा रिकामे असतात: अकरा कडेचे, शेजाऱ्याच्या हद्दीत अतिक्रमण होऊ नये म्हणून, आणि एक मधला, कारण तेथे यंत्राचाच दोष साचतो. शिवाय प्रत्येक खेपेपूर्वी ०.८ मायक्रोसेकंद राखून ठेवतात. तेवढ्यात लहर २४० मीटर जाते. त्याहून कमी अंतराने मागे पडलेला प्रतिध्वनी पुढच्या खेपेत घुसत नाही.

आता बेरीज. ४८ उपवाहक, प्रत्येकी ६ बिट, म्हणजे २८८. त्यांतील चौथा हिस्सा चूक दुरुस्तीसाठी, उरले २१६. एक खेप ४ मायक्रोसेकंदांची, सेकंदाला अडीच लाख खेपा. गुणाकार ५४ मेगाबिट. गोदामात संकेत क्षीण झाला की यंत्र प्रत्येकी एकच बिट पाठवते आणि निम्मा भाग दुरुस्तीस ठेवते: २४ बिट, म्हणजे ६ मेगाबिट.

वेग उतरला, पण निरोप चुकला नाही. रिकाम्या जागा, खुणा, राखीव वेळ यांना तोटा समजू नये. विश्वास टिकवण्याचा तो खर्च आहे. आपल्या हाती एवढेच, की पेटी लोखंडी कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागी ठेवावी.