कर घेता, तर कायदाही द्या

क्रिप्टोत पैसे घालणाऱ्यांना सरकारने संरक्षण देऊ नये, असे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी अलीकडे व्यासपीठावरून ठणकावून सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांचे म्हणणे चार वाक्यांत मावते. हा जुगार आहे. जुगाऱ्याने आपल्या जबाबदारीवर खेळावे. या चलनाचा वापर गुन्हेगार करतात. आणि सरकारने कायदा केला, तर या धंद्याला प्रतिष्ठा मिळेल.

शेवटचे दोन आक्षेप आधी निकालात काढू. गुन्हेगार पाचशेच्या नोटाही वापरतात. शिवाय मार्च 2023 पासून क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेतच. प्रतिष्ठेचे म्हणाल, तर सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती सरकारने केली म्हणून सिगारेटला प्रतिष्ठा आली नाही.

उरतो तो जुगाराचा मुद्दा. तो घटकाभर मान्य करू. पण मग जुगाराचे नियम तरी लावा! महाराष्ट्र शासन 1969 पासून स्वतः लॉटरी चालवते. तिकिटाला बक्षीस लागले, तर ते द्यावेच लागते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैसे लावणाऱ्यालाही परवाना, नियम आणि दाद मागण्याची जागा आहे. म्हणजे आपल्याकडे जुगाऱ्यालाही वाऱ्यावर सोडलेले नाही. क्रिप्टोधारकाला मात्र सोडायचे, हा कुठला न्याय?

आणि सरकार स्वतः काय करते ते पाहा. 2022 च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर बसवला. त्याच वर्षी 1 जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रीवर 1 टक्का उद्गम करकपात सुरू झाली. नफा काढताना खरेदीची किंमत तेवढी वजा होते, बाकी कोणताही खर्च नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. समजा, एखाद्या शिक्षिकेला एका नाण्यात 40 हजार मिळाले आणि दुसऱ्यात 60 हजार बुडाले. तिच्या पदरी 20 हजारांचा तोटा आहे, तरी 40 हजारांवर 12 हजार रुपये कर आणि वर उपकर तिने भरायचा. शेअरमध्ये तोटा झालेल्याला जी सवलत मिळते, ती हिला नाही. बरे, इतके घेतल्यावर तिला मिळते काय? जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. आपलेच पैसे कधी आणि किती परत मिळणार, हे समजण्यासाठी इथल्या ग्राहकांना सिंगापूरच्या उच्च न्यायालयातल्या कामकाजाकडे डोळे लावून बसावे लागले. कर मात्र दिल्लीने घेतला होता. ज्या व्यवहारातून सरकार हक्काने वाटा उचलते, तो चोरांनी लुटल्यावर ‘हा तर जुगार’ म्हणून हात झटकणे ही बेजबाबदारी आहे. तिच्यावर टाळ्या वाजवणे त्याहून वाईट.

जुगाराचा हा युक्तिवाद नवाही नाही. 2019 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या वृद्धांना ‘जादा व्याजाचा मोह नडला’ असे सुनावणारे याच विचाराचे लोक होते. पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये ठेवींवरचे विमा संरक्षण 1 लाखावरून 5 लाखांवर गेले. त्याने लोकांचा मोह वाढल्याचे कुणी दाखवून दिलेले नाही. त्याआधी शेअर बाजारालाही ‘सट्टा’ म्हणून हिणवत. 1992 मध्ये या बाजाराच्या नियामकाला कायद्याचे बळ मिळाले, 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि शेअरच्या बनावट प्रमाणपत्रांचा सुळसुळाट आटला. आज हेच टीकाकार आपल्या नातवंडांच्या नावाने म्युच्युअल फंडाची एसआयपी भरतात. सट्टेबाजांसाठी म्हणून ज्या सुधारणांना नाके मुरडली, त्यांच्याच आधाराने त्यांची ही गुंतवणूक उभी आहे.

‘मग सरळ बंदीच घाला’ असेही कुणी म्हणते. तोही प्रयोग झाला. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. या व्यवहारांमुळे बँकांचे काही नुकसान झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आले नव्हते. 2019 च्या बंदी विधेयकाच्या मसुद्यात तर क्रिप्टो बाळगणाऱ्याला आणि मायनिंग करणाऱ्याला, म्हणजे संगणकांवर नवी नाणी घडवणाऱ्याला, दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास सुचवला होता. तो मसुदा कायदा झाला नाही, हे या देशाच्या तरुण अभियंत्यांचे भाग्य. पण मायनरची कोंडी सुटलेली नाही: यंत्रणेवर केलेला खर्च संपादन खर्च धरला जाणार नाही, असे सरकारने 2022 मध्ये संसदेत स्पष्ट केले. यंत्रे विकत घ्यायची, ती चालवायची आणि त्यांचा खर्च नसल्यासारखा कर भरायचा.

आता आमचे म्हणणे. भाव पडला तर सरकारने भरपाई द्यावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भावाची जोखीम घेणाऱ्याची. चोरी, अफरातफर आणि दिवाळखोरी यांपासूनचे संरक्षण मात्र राज्याचे काम आहे, आणि ते करता येते हे जपानने दाखवले. 2014 मध्ये टोकियोतले माउंट गॉक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर जपानने कायदा केला. एप्रिल 2017 पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याचे नियम पुढे आणखी कडक झाले. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज जगभर कोसळले, पण त्याच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना फेब्रुवारी 2023 पासून आपले पैसे काढता येऊ लागले. त्यांनी नाणी घेतली ती आपल्यासारखीच. फरक त्यांच्या कायद्यात होता.

ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असे म्हटले. तोच पाया धरून संसदेने चार कलमे करावीत. ग्राहकांची नाणी वेगळी ठेवणे एक्स्चेंजला सक्तीचे असावे आणि कंपनी बुडाली तरी धनकोंचा त्यांवर हक्क नसावा. तोटा वळता करण्याची मुभा शेअरसारखीच असावी. मायनरला खर्चाची वजावट मिळावी. आणि क्रिप्टोसाठी खुला कोड लिहिणाऱ्याला, गुन्ह्यात त्याचा जाणूनबुजून सहभाग सिद्ध झाल्याशिवाय, इतरांनी केलेल्या त्या कोडच्या गैरवापराची शिक्षा भोगावी लागू नये.

यातल्या एकाही कलमाला सरकारी तिजोरीतून कुणाची नुकसानभरपाई लागत नाही. आपल्या खासदाराला एवढेच विचारा: 2022 पासून कर घेता आहात, ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवणारे कलम कधी आणणार?