घेण्याचें माप व देण्याचें माप

आखाती अरब राष्ट्रांनीं वजनमापांच्या कामीं एकविचारानें चालावें म्हणून २०१० सालीं ‘गल्फमेट’ नांवाची संस्था स्थापिली. एका देशांत तोललेला माल दुसऱ्या देशांत पुन्हां तोलावा लागूं नये, हा तिचा हेतु. टोकावड्याच्या वाचकांस ही वार्ता दूरची वाटेल; परंतु किंचित् विचार केल्यास ती आपल्या उंबऱ्यापाशींच येऊन ठेपते.

आमच्या शेजारच्या नाणेघाटानें प्राचीन काळीं कल्याण बंदराचा माल जुन्नर-पैठणाकडे चढत असे. परका व्यापारी आणि देशावरचा गिऱ्हाईक यांची भाषा एक नसली, तरी वजन एक असल्यावांचून व्यवहार कसा चालावा? म्हणूनच कौटिल्यानें पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला. वजनें लोखंडाचीं, मगध वा मेकल येथील दगडाचीं, किंवा पाण्यानें वाढणार नाहींत व उष्णतेनें घटणार नाहींत अशा पदार्थांचीं असावींत, असा त्याचा दंडक आहे. मनूनेंही राजास दर सहा महिन्यांनीं वजनें तपासण्याची आज्ञा केली आहे.

पुढें हा दंडक शिथिल झाला. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी, हें कोष्टक मुलांस पाठ असे. पण एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळेलच, असा भरंवसा नव्हता. शिवाय भरण्याची रीत दुहेरी: घेतांना शीग लावून, देतांना हात फिरवून सपाट! पावसाळ्यांत ठाकर-कातकऱ्यांनीं खावटी काढावी आणि सुगीस दिढीनें भात फेडावें. दिढी हें उघड व्याज; शीग हें न लिहिलेलें व्याज. ज्या घरीं असें भात येई, त्यांत आपल्या समाजाचींही घरें होतीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. देवघरांत सत्यनारायण आणि ओटीवर दोन पायल्या, हा कसला धर्म?

मुंबई इलाख्यांत १९३२ सालीं वजनमापांचा कायदा झाला. स्वराज्यांत १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली व १ एप्रिल १९६२ पासून किलोग्रॅमचीं वजनें देशभर सक्तीचीं झालीं. १८७५ च्या मीटर-करारांत भारत १९५७ सालीं सामील झाला. पॅरिसजवळ जपलेला धातूचा किलोग्रॅमही आतां प्रमाण राहिला नाहीं. २० मे २०१९ पासून तो निसर्गांतील एका अढळ स्थिरांकावरून ठरतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेंतून तें प्रमाण टप्प्याटप्प्यानें निरीक्षकाच्या वजनापर्यंत, आणि तेथून आपल्या वाण्याच्या तराजूपर्यंत उतरतें. त्या तराजूवरील सरकारी मुद्रा ही क्षुद्र गोष्ट नव्हे. निरक्षर विक्रेत्याचा तो एकमेव साक्षीदार आहे.

तेव्हां वाचकहो, दुकानांत जातां ती मुद्रा मुदतींतली आहे ना, हें अवश्य पाहावें. मुलांसही पाहण्यास शिकवावें. पण कायदा तराजूपाशीं थांबतो. रस्त्याच्या कडेला कातकरीण करवंदांचे वाटे मांडून बसते, तेथें मुद्रा नसते. तिच्या वाट्यावर आणखी एक मूठ मागतांना आपण शीगच मागत आहों, एवढें ध्यानीं ठेवावें.